वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (अमेरिका)

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (लघुरूप: आयईपी) हा अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये विशेष शिक्षणास पात्र ठरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तयार केला जाणारा लेखी दस्तऐवज होय. मुलाची सद्यस्थिती, वर्षभराची मोजता येण्याजोगी उद्दिष्टे आणि शाळेने विनामूल्य पुरवायच्या सेवा त्यात नमूद असतात. 'दिव्यांग व्यक्ती शिक्षण कायद्या'नुसार (लघुरूप: आयडिया) हा आराखडा पालकांच्या सहभागाने तयार करावा लागतो आणि त्यातील सेवा पुरवणे शाळेवर बंधनकारक असते.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील अनेक राज्यांत दिव्यांग मुलांना शाळेबाहेर ठेवले जात असे. पेनसिल्व्हेनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टन येथे १९७१-७२ मध्ये चाललेल्या दोन खटल्यांमुळे या मुलांचा सार्वजनिक शिक्षणाचा हक्क मान्य झाला. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'सर्व अपंग बालकांसाठी शिक्षण कायद्या'वर स्वाक्षरी केली. १९९० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. १९९७ आणि २००४ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

शाळेची कर्तव्ये

विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले शोधून काढणे हे शाळा प्रशासनाचे पहिले कर्तव्य आहे. पालकांच्या लेखी संमतीनंतर ६० दिवसांत किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत मुलाचे मूल्यमापन करावे लागते. मूल पात्र ठरल्यास ३० दिवसांत आराखड्यासाठी बैठक घेणे आवश्यक असते.

आराखडा ठरवणाऱ्या गटात पालक, सर्वसाधारण वर्गाचे शिक्षक, विशेष शिक्षक, शाळा प्रशासनाचा प्रतिनिधी आणि चाचण्यांच्या निष्कर्षांचा अर्थ सांगू शकणारी व्यक्ती यांचा समावेश असतो. योग्य असेल तेव्हा स्वतः विद्यार्थीही बैठकीला उपस्थित राहतो. मुलाला शक्य तितके इतर मुलांसोबत शिकवावे आणि वेगळे बसवायचे असल्यास त्याचे कारण आराखड्यात द्यावे, असा नियम आहे. आराखड्याचा आढावा वर्षातून किमान एकदा घेतला जातो. पुनर्मूल्यमापन साधारणपणे दर तीन वर्षांनी होते. विद्यार्थी १६ वर्षांचा होईपर्यंत शालेय शिक्षणानंतरच्या वाटचालीचे नियोजनही आराखड्यात समाविष्ट करावे लागते.

पालकांचे अधिकार

कायद्याच्या दृष्टीने पालक हे केवळ बैठकीचे निमंत्रित नसून निर्णय घेणाऱ्या गटाचे सदस्य असतात. त्यांचे प्रमुख अधिकार पुढीलप्रमाणे:

* पहिल्या मूल्यमापनास व पहिल्यांदा सेवा सुरू करण्यास संमती देणे वा नाकारणे, तसेच सेवांसाठी दिलेली संमती पुढे लेखी मागे घेणे.
* मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहणे.
* शाळेच्या मूल्यमापनाशी असहमत असल्यास सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र मूल्यमापनाची मागणी करणे. ही मागणी अमान्य करायची असल्यास शाळेला सुनावणीत आपले मूल्यमापन योग्य असल्याचे दाखवावे लागते.
* सेवांत बदल करण्यापूर्वी किंवा पालकांची मागणी नाकारताना शाळेकडून कारणांसह लेखी सूचना मिळवणे.
* बैठकीतील चर्चा समजण्यासाठी आवश्यक असल्यास दुभाषा मिळवणे. इंग्रजी न समजणाऱ्या मराठी भाषक पालकांनाही ही तरतूद लागू होते.

मात्र पालकांना आराखड्यावर सर्वंकष नकाराधिकार नाही. सेवा सुरू झाल्यानंतर एखाद्या बदलावर एकमत न झाल्यास शाळा लेखी सूचना देऊन तो अमलात आणू शकते. अशा वेळी वाद निवारणाचा मार्ग वेळीच स्वीकारणे पालकांसाठी महत्त्वाचे ठरते.

वाद निवारण

पालकांना मध्यस्थी, राज्याच्या शिक्षण विभागाकडे तक्रार आणि निष्पक्ष अधिकाऱ्यासमोर सुनावणी हे पर्याय उपलब्ध असतात. सुनावणीच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. सुनावणी आणि त्यानंतरची न्यायालयीन कार्यवाही सुरू असताना मूल सामान्यतः आधीच्याच व्यवस्थेत राहते. त्यामुळे निर्णय लागण्यापूर्वी त्याच्या सेवा एकतर्फी काढून घेता येत नाहीत.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

रौली खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने आराखड्यातून मुलाला शैक्षणिक लाभ होणे पुरेसे मानले. त्याच्या क्षमतेचा कमाल विकास साधण्याची सक्ती शाळेवर केली नाही. एंड्र्यू एफ. खटल्यात (२०१७) नाममात्र प्रगती पुरेशी नसून मुलाच्या परिस्थितीचा विचार करता योग्य ठरेल अशी प्रगती साधणारा आराखडा हवा, असे न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले. विंकेलमन खटल्यात (२००७) या कायद्याखाली पालकांना स्वतःचे स्वतंत्र हक्क असल्याचे मान्य झाले आणि वकिलाशिवाय दावा चालवण्याची त्यांना मुभा मिळाली.

मर्यादा

शेफर खटल्यातील (२००५) निर्णयानुसार सुनावणीत पुराव्याची जबाबदारी सामान्यतः दाद मागणाऱ्या पक्षावर, म्हणजे बहुधा पालकांवर असते. खटला जिंकल्यास वकिलाचे वाजवी शुल्क मिळू शकते. तज्ज्ञांचे शुल्क मात्र मिळत नाही, असे मर्फी खटल्यात (२००६) ठरले. परिणामी, हक्क सर्व पालकांना समान असले तरी त्यांचा उपयोग करून घेणे हे पालकांची माहिती, वेळ आणि आर्थिक ऐपत यांवर बऱ्याच अंशी अवलंबून राहते. पालकांना मार्गदर्शन करण्यासाठी केंद्र सरकारच्या निधीतून राज्यांमध्ये पालक प्रशिक्षण व माहिती केंद्रे चालवली जातात.