एकच माप लावा : ताराबाई शिंदे यांचा युक्तिवाद



आपल्या लोणी काळभोरच्या बचत गटांना अर्ज काही नवे नाहीत. पाण्यासाठी, रस्त्यावरच्या दिव्यासाठी, कर्जासाठी आपण ते लिहीतच असतो. अडचण काय आहे हे आपण नीट मांडतो. पण समोरून कुणी म्हणालं, "बायकांना त्यातलं काय कळतंय?" की आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर चिडतो. अशा बोलण्याला मुद्देसूद उत्तर कसं द्यायचं, हे एका मराठी बाईंनी १८८२ सालीच लिहून ठेवलंय. त्यांचं नाव ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचं नाव 'स्त्रीपुरुष तुलना'.

ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासदही होते. ताराबाईंचं शिक्षण वडिलांनी घरीच केलं. पुस्तक मात्र छापलं गेलं आपल्या पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात. पाचशे प्रती निघाल्या. किंमत होती नऊ आणे.

या पुस्तकाला निमित्त झाला एक खटला. १८८१ साली गुजरातेत सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली गेली. तिला दिवस गेले होते आणि लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारलं होतं. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि नंतर तीही कमी होऊन पाच वर्षांवर आली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली. 'पुणेवैभव'सारख्या पत्रानं एका बाईच्या गुन्ह्यावरून साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. त्या विधवेला दिवस गेले त्याला जबाबदार असलेला पुरुष कुठे होता, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. अशा विधवांसाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे दुखणं कुठे आहे हे पाहणाऱ्याला दिसत होतं.

आता ताराबाईंनी उत्तर कसं दिलं ते पाहू. पहिली गोष्ट, त्यांनी आरोप टाळले नाहीत. बायकांचे दुर्गुण मोजणारा एक संस्कृत श्लोक तेव्हा फार चालायचा. बाई म्हणजे संशयाचा भोवरा, साहसाचं नगर, कपटाचं आगर, असं बरंच काही त्यात आहे. ताराबाईंनी त्यातला एकेक आरोप वेगळा काढला आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर दिलं. सगळ्यांचं एकत्र भरीत केलं नाही.

दुसरी गोष्ट, बायका अगदी निर्दोष आहेत असा दावा त्यांनी केला नाही. बायकांत अज्ञान आहे, चुका होतात, हे त्यांनी मान्य केलं आणि मग विचारलं, की त्यांना शिकू कुणी दिलं नाही? आणि हेच दोष पुरुषांत किती आहेत ते मोजलंय का? थोडं कबूल केल्यामुळे त्यांचं बाकीचं म्हणणं खोडून काढणं अवघड झालं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. पुस्तकाच्या नावातच 'तुलना' आहे. दोघांनाही एकच माप लावा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगतात. बायको गेली तर नवरा लगेच दुसरी करून आणतो, मग नवरा गेल्यावर बाईनंच का जन्मभर कोपऱ्यात बसायचं? सावित्री नवऱ्याच्या प्राणांसाठी यमाच्या मागे गेली, ही कथा सगळे सांगतात. मग बायकोच्या प्राणांसाठी यमामागे गेलेला एखादा पुरुष दाखवा, असं त्या म्हणतात. उदाहरण समोरच्याच्या पोथीतलं, त्यामुळे त्याला ते नाकारता येत नाही. भाषा मात्र घरातली, ठसक्याची, टोमणे मारणारी. त्या पुरुषांशी थेट बोलतात.

या रोखठोकपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. पुस्तकावर बरीच टीका झाली. जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आढळत नाही. हेही पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. जवळजवळ शंभर वर्षं गेली मध्ये.

मैत्रिणींनो, हीच रीत आपल्या कागदावर उतरवून बघा. समजा कुणी म्हणालं, "बायकांना कर्ज दिलं की बुडतं." तर रागावून चार ओळी लिहू नका. आधी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहा. एखादा हप्ता चुकला असेल तर तोही लिहा, कारणासकट. मग गटाची नोंदवही उघडा आणि किती घेतले, किती फेडले, कोणत्या तारखेला, ते मांडा. शेवटी विचारा, की कर्ज घेणाऱ्या पुरुषांची अशीच वही तुम्ही तपासता का? आमच्यासाठी जो नियम, तोच त्यांच्यासाठी आहे का?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. तिथं आपण तोंडी पुष्कळ बोलतो. पण बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. ताराबाईंचं म्हणणं आज आपल्यापर्यंत पोचलं, ते छापलेल्या पाचशे प्रतींमुळे. तेव्हा पुढच्या सभेला जाताना मागणीचा कागद आदल्या रात्रीच लिहा, घरात एकदा मोठ्यानं वाचून बघा, आणि सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही, हे सही करण्याआधी पाहून घ्या.