विणकाम, हौस आणि शिकणाऱ्या मुलींचा वेळ

भंडारा जिल्ह्यात 'विणकाम' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम माग उभा राहतो. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा नंतर. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही गावे कोष्ट्यांच्या मागांसाठी ओळखली जातात. तिथला कोसा आणि करवतीच्या दातांसारखा काठ असलेली करवतकाठी लुगडी पिढ्यान्‌पिढ्या विदर्भाबाहेरही जात आली आहेत. म्हणून आमच्या नात्यातल्या एका मुलीने घरी आलेल्या वयस्क पाहुण्यांना "मी विणकाम करते" असे सांगितले, तेव्हा त्यांनी अगदी सरळपणे विचारले, "कोणाच्या मागावर?" सगळे हसले. तिने पिशवीतून अर्धवट विणलेला स्वेटर काढून दाखवला. पाहुणे म्हणाले, "अच्छा, म्हणजे हौस आहे."

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज गावाहून एस.टी.ने भंडाऱ्याला जाते, संध्याकाळी परतते, आणि जाता-येता बसमध्ये विणते. घरी आल्यावर भाकरी, भांडी, धाकट्या भावाचा अभ्यास आणि मग स्वतःचा. तिच्या आईची तक्रार अशी की सुयांवर जाणारा वेळ पुस्तकाचा आहे. आजीची तक्रार बरोबर उलटी: पुस्तकावर जाणारा वेळ घराचा आहे, विणकामाला मात्र तिची हरकत नाही, कारण ते 'बाईचे काम' आहे. एकाच पोरीच्या एकाच तासावर तीन हक्क सांगितले जात होते आणि प्रत्येक हक्काला एक जुना इतिहास होता. पाहुण्यांच्या तोंडचा 'हौस' हा शब्द मला त्यामुळेच अधिक टोचला. मागावर बसलेल्या माणसाला हौस आहे असे कोणी म्हणत नाही.

सुयांवरचे विणकाम आपल्याकडे फार जुने नाही. त्याचा शब्दसंग्रहच हे सांगतो. टाका, वीण, उसवणे, सुलट, उलट ही क्रियेची नावे आपली आहेत. पण जे तयार होते ते स्वेटर, मफलर, पुलोव्हर. क्रोशा तर नावासकट बाहेरून आला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा आणि साहेबांच्या बायका यांच्यामार्फत ही कला इथल्या घरांत शिरली. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली ती १८२४ साली, आणि अशा शाळांत अक्षरांच्या जोडीला सुई असेच. पुढे मराठी घराने ही परकी कला इतकी आपलीशी केली की बाळंतविड्यात झबले, दुपटे, कुंची यांच्याबरोबर लोकरीचे टोपडे आणि पायमोजेही आले. बाळंतविडा ज्या घरातून जातो त्या घराच्या हातांची परीक्षा त्यात होते. परकी वस्तू तिथवर पोचली म्हणजे ती परकी उरली नाही.

पण सुई आणि पाटी यांचे नाते पहिल्यापासून सरळ नव्हते. १८८२च्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांसाठी अशी शिफारस केली की त्यांचा अभ्यासक्रम मुलांच्या शाळांपेक्षा सोपा असावा आणि घरगुती जीवनाच्या गरजा ध्यानात घेऊन तो आखावा. १८८४ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आदींच्या प्रयत्नांतून मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झाले. या शाळेने मुलींना मुलांसारखेच अकरा ते पाच बसवले आणि इंग्रजी, गणित शिकवायला घेतले. लोकमान्य टिळकांनी 'मराठा' पत्रातून त्यावर टीका केली. मुलींना दिवसभर शाळेत अडकवू नये, तीन तास पुरेत, म्हणजे त्यांना घरकाम करता येईल आणि शिकता येईल. देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणटिपण यांवर भर असावा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारचा आयोग आणि सरकारचा सर्वांत कडवा टीकाकार, दोघे मुलीच्या हातात सुई देण्याबाबत एका रांगेत बसले होते, हा योगायोग मला किरकोळ वाटत नाही.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी जी अडचण मांडली ती खोटी नव्हती. मुलीच्या दिवसात घरकामाचे तास आहेत, आणि शाळा जणू ते नाहीतच असे समजून वेळापत्रक आखते, हे त्यांना दिसले होते. कित्येक सुधारकांना तेही दिसले नाही. मात्र गणित जुळत नाही म्हटल्यावर कोणती संख्या कमी करायची, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर शाळेच्या बाजूची संख्या कमी करण्याचे होते. घराच्या बाजूचे तास कमी करावेत, ते घरातील मुलांनी थोडे वाटून घ्यावेत, हा विचार त्या काळी दोन्ही पक्षांत अभावानेच आढळतो.

त्याच रानड्यांच्या घरात काय चालले होते, ते रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात आहे. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या लहान मुलीला नवरा शिकवू लागला, पण दिवस घरातल्या बायकांच्या ताब्यात होता. वाचन त्यांच्या नजरेआड करावे लागे, इंग्रजी शिकणे तर सरळ अपराध. हातातली सुई मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. खुपत असे ते पुस्तक. पुढे १९०९ साली याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा तिथे शिकवण्याच्या वर्गांबरोबर शिवण, भरतकाम यांसारखे उद्योगवर्गही ठेवले. जी सुई शिक्षणाऐवजी देऊ केली जात होती, तिचा उपयोग त्यांनी मुली आणि विधवा यांना घराबाहेर काढण्यासाठी करून घेतला. "शिवण शिकायला जाते" म्हटल्यावर जे दार उघडते ते "इंग्रजी शिकायला जाते" म्हटल्यावर उघडत नाही, हे त्या स्वानुभवाने जाणत होत्या. नागपुरात १९२७ साली रमाबाई तांबे यांनी सेवासदन स्थापले आणि ही वाट विदर्भात आली.

विदर्भात आणखी एक प्रयोग झाला, आणि तो या विषयाच्या फार जवळचा आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. त्यातील रोजचे वेळापत्रक वाचण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना ३०, कवायतीला १० आणि सुट्टीला १०. मूलोद्योग म्हणजे बहुतेक ठिकाणी सूतकताई आणि विणाई. हातांचे काम हा अभ्यासातला विक्षेप नसून तोच अभ्यासाचा मार्ग, ही कल्पना आपल्याकडे इतक्या ठामपणे पूर्वी मांडली गेली नव्हती. टकळीवर सूत मोजता मोजता अंकगणित शिकावे, कापूस कुठून येतो हे पाहता पाहता भूगोल. विणणाऱ्या मुलीला "अभ्यास सोडून हे काय" असे विचारण्याची सोयच या शाळेत नाही.

पण त्याच आराखड्यात पुढे एक सूट आहे. चौथी-पाचवीच्या मुलींसाठी सामान्य विज्ञानात गृहविज्ञानाचा समावेश करावा, आणि वरच्या दोन इयत्तांत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञानाचा प्रगत अभ्यास घेता येईल. म्हणजे हाताच्या कामाला सर्वांत वरचे आसन दिले, तिथेही मुलीचे हात शेवटी स्वयंपाकघराकडेच वळवले.

भंडाऱ्याच्या मागांवर तर हातांचे वाटप त्याहून जुने होते. खड्डामागावर बसणारा बहुधा पुरुष. विणकर म्हणून नाव त्याचे. कोशांतून धागा काढून तो मांडीवर वळणे, कांड्या भरणे, ताणा करण्यात हात लावणे ही कामे बायकांची आणि पोरांची. करवतकाठी काठाला काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत गुंतवावा लागतो. माग सुरू ठेवायचा तर कांडी वेळेवर भरलेली हवी, आणि कांडी भरणारी मुलगी शाळेत असेल तर माग थांबतो. कोष्ट्याच्या घरातील मुलीची शाळा कशाने बुडे, याचे उत्तर त्या लाकडी यंत्राच्या रचनेत आहे. शेतकऱ्यांच्या पोरींची ती धानाच्या रोवणीने बुडे.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ज्यूडिथ ब्राउन यांनी १९७० साली एक छोटा पण गाजलेला निबंध लिहिला. बायकांकडे कोणती कामे जातात याचे कारण त्यांनी शक्तीत किंवा स्वभावात शोधले नाही. लहान मूल सांभाळता सांभाळता जे करता येते ते बायकांकडे येते, असे त्यांचे म्हणणे: घराजवळचे, धोका नसलेले, फार एकाग्रता न मागणारे, मध्येच सोडता येणारे आणि पुन्हा धरता येणारे. सुयांवरचे विणकाम या वर्णनात तंतोतंत बसते. मूल रडले, कुकरची शिट्टी झाली, बस थांब्यावर आली, की ओळ पुरी करून सुई खाली ठेवायची. टाके सुईवर जागच्या जागी राहतात. सुलट टाक्यांची सरळ वीण असेल तर नजरही लागत नाही. शेजारची मैत्रीण रसायनशास्त्राची टिपणे मोठ्याने वाचत असेल तर ती ऐकता येतात. जाळीची नक्षी असेल तर मात्र टाके मोजावे लागतात आणि तेव्हा टिपणे कानावरून जातात. (आमची मुलगी परीक्षेच्या महिन्यात फक्त सरळ वीण घेते. गळ्याचे टाके कमी करण्याचे काम ती सुट्टीवर ढकलते.)

ब्राउन यांचा मुद्दा पटतो, पण भंडाऱ्यात त्याची दुसरी बाजूही दिसते. 'मध्येच सोडता येणारे काम' या वर्णनात बिडीही बसते. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात तेंदूपत्ता मुबलक. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या मदतीला शाळेतून आलेल्या मुली हे इथल्या कितीतरी घरांचे चित्र होते. मजुरी हजार बिड्यांमागे. हे कामही घरात बसून होते, चूल सांभाळून होते, मुलाला झोका देत होते. नेमक्या याच सोयीमुळे ते कामगारांच्या हिशेबात येत नव्हते. बिडी कामगारांसाठी कायदा आला तो १९६६ साली, आणि त्यांच्या कल्याणनिधीचा १९७६ साली. त्या निधीतून पुढे बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. हातातले काम खाली ठेवता येते म्हणून ते हलके ठरत नाही. सूप असो वा सुया, खाली ठेवण्याचा निर्णय कोणाचा, यावर सारे अवलंबून असते. बिडी वळणारी मुलगी हजाराचा आकडा भरेपर्यंत उठू शकत नव्हती.

या दृष्टीने पाहिले की 'हौस' हा शब्द तितकासा तुच्छ राहत नाही. कोष्ट्याच्या मुलीला कांड्यांची हौस नव्हती, बिडीवालीच्या मुलीला पत्त्याची नव्हती. हौस म्हणजे ज्या कामाला मालक नाही आणि मुदत नाही असे काम, आणि ते करण्याइतका वेळ मुलीच्या नावावर जमा होण्याला शंभर-सव्वाशे वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय मराठी घरांत तो वेळ थोडा थोडा आला. स्त्रियांच्या मासिकांत पाककृतींच्या शेजारी विणीचे नमुने छापून येत, 'एक सुलट, एक उलट, दोन टाके एकत्र' अशा भाषेत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुली ती पाने कापून वहीत चिकटवत. त्या वेळाचेही पूर्ण स्वामित्व मिळाले होते असे नाही. मुलगी विणते म्हणजे तिचे हात रिकामे नाहीत, ही घराला दिलेली ग्वाही त्यात असेच, आणि स्वेटर बहुधा भावाचा किंवा वडिलांचा असे. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि विणणे गरजेचे उरले नाही. त्यानंतरही ज्या मुली विणत राहिल्या त्यांच्याबद्दल हौस हा शब्द प्रथमच खऱ्या अर्थाने वापरता येतो.

आमच्या मुलीच्या पिशवीतला स्वेटर तिच्या स्वतःसाठी आहे. त्याची लोकर आजीने विणलेल्या एका जुन्या पुलोव्हरची आहे. तो उसवून, लोकर पाण्यातून काढून, सरळ होण्यासाठी वजन बांधून दोरीवर टांगली होती, हे आजीला आठवते. आणि तो पुलोव्हर कोणाचा होता हेही. तिला तो आपल्या दिरासाठी विणावा लागला होता, मॅट्रिकच्या वर्षी, आणि त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. हे तिने सांगितले ते कसलीही तक्रार न करता, लोकर गुंडाळता गुंडाळता. मग नातीला विचारले, "बाह्या लांब ठेवणार की अर्ध्या?"