मटणातला बटाटा : माधवनगर परिसरातील एका घरगुती कालवणाचा इतिहास

सांगली-सातारा भागात घरी शिजणाऱ्या मटणाच्या रश्श्यात बहुधा बटाटा असतो. मटण म्हणजे इथे मुख्यतः बोकडाचे मांस. जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू पट्ट्यात मेंढ्याचेही. सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे माधवनगर आणि त्याला लागून असलेले बुधगाव या गावांत रविवारी किंवा धुळवडीला जे कालवण रटरटते, त्यातली हळद सांगलीची, सुके खोबरे घाटाखालून आलेले आणि मिरची व बटाटा समुद्रापलीकडून. मिरची या मातीत लवकर रुजली. बटाट्याला मात्र घाटावरच्या चुलीपर्यंत पोहोचायला आणखी दोन शतके लागली. आज परंपरेचे म्हणून ओळखले जाणारे हे कालवण त्यामुळे समजले जाते तितके जुने नाही.

बटाट्याच्या आधी मांस हीच दुर्मीळ गोष्ट होती. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन याच्याबरोबर इंग्रजांचे शिष्टमंडळ रायगडावर राहिले होते. त्यांच्या मुक्कामाची हकिकत जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. गडावर मिळणाऱ्या खिचडीला कंटाळलेल्या या पाहुण्यांसाठी रोज अर्ध्या बोकडाची सोय करण्यात आली. तेव्हा मांस पुरवणारा म्हातारा खाटीक हे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहावे म्हणून गड चढून आला. इतके मांस त्याने आधीच्या कित्येक वर्षांत विकले नव्हते. घाटमाथ्यावरच्या रोजच्या जेवणात मांसाला किती थोडी जागा होती, हे या एका प्रसंगातून जितके कळते तितके मोठ्या कोष्टकातूनही कळणार नाही.

सामान्य शेतकऱ्याच्या घरी मटण शिजे ते गावच्या जत्रेला, नवस फेडताना, धुळवडीला आणि श्रावण लागण्यापूर्वी आखाडात. दुकानातून तोलून आणण्याऐवजी चार-सहा घरे मिळून बोकड पाडत आणि वाटे घालत. केळीच्या किंवा पळसाच्या पानांवर मांसाचे सारखे ढीग मांडायचे. प्रत्येक ढिगात मांडी, बरगडी, नळी, काळीज आणि चरबीचा थोडा थोडा भाग यायलाच हवा. मुंडी, पाय आणि वजडी यांचा हिशेब वेगळा. पुष्कळ मराठा घरांत मटणाची चूल परसात मांडली जाई, त्याची भांडी देव्हाऱ्याजवळच्या स्वयंपाकघरात येत नसत आणि त्या दिवशी उलथने बऱ्याचदा पुरुषांच्या हाती असे. गावकुसाबाहेर चित्र निराळे होते. तिथे मेलेल्या गुरांचे मांस वाट्याला येई आणि ते वाळवून चान्या करून ठेवत. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर. मटणाचा इतिहास लिहिताना ही दोन ताटे एकच धरून चालत नाही.

थोडे मांस अनेकांना पुरवण्याचे उपाय बटाट्याच्या आधीही होते. मिरज-सांगलीच्या मुसलमान घरांत डाळ आणि दुधी भोपळा घालून दालचा केला जाई. वजडीत हरभऱ्याची डाळ पडे. सगळ्यात सोपा उपाय रस्सा वाढवण्याचा, आणि घाटावर तोच जास्त चालला. वाटणात खोबरे, तीळ, भाजलेला कांदा वाढवला की पातेले मोठे होते आणि भाकरी कुस्करायला पुरेसे कालवण मिळते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर आला. रायगडावरच्या खाटकाची गोष्ट सांगणाऱ्या त्याच फ्रायरने सुरतेच्या बागांमध्ये बटाट्याचा उल्लेख केला आहे. मात्र त्या काळचे युरोपीय प्रवासी रताळ्यालाही तेच नाव वापरत, हे लक्षात ठेवावे लागते. किनाऱ्यावरच्या बागेत एखादे पीक दिसणे आणि देशावरच्या शेतकऱ्याने ते धरणे यांत मोठे अंतर आहे. मिरचीचे बी कोरडे राहते, डब्यात वर्षभर टिकते आणि परसातल्या चार रोपांवर घराची गरज भागते. बटाट्याचे बेणे म्हणजे बटाटाच. तो उन्हाळ्यात सडतो, मोडावतो, सुकतो. शिवाय रात्रीचे तापमान २० अंशांच्या बरेच वर राहिले तर झाड वाढते, पण जमिनीखाली बटाटे नीट धरत नाहीत. देशावरच्या शेतकऱ्याला हे पीक हवे होते की नाही हा प्रश्न पुढचा. त्याच्याकडे बेणे टिकवायची सोयच नव्हती.

ही अडचण प्रथम सुटली ती थंड डोंगरावर. सातारचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे आली आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तिथे पेठ वसली. तिथल्या तुरुंगात मलायाकडच्या वसाहतींतून पाठवलेले चिनी कैदी ठेवले गेले. त्यांनी डोंगरउतारावर बटाटा आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या आणि आसपासच्या लोकांनी ती शेती त्यांच्याकडून उचलली. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, पण बटाटा राहिला. महाबळेश्वरचा बटाटा पुण्या-मुंबईच्या बाजारात नावाने विकला जाऊ लागला. सातारा जिल्ह्याच्या इतिहासात या परक्या, नावे विसरल्या गेलेल्या कैद्यांची नोंद ओझरतीच घेतली जाते. जिल्ह्याच्या रोजच्या जेवणाशी त्यांचा संबंध त्याहून खोल आहे.

डोंगरावरून हे पीक पठारावर उतरले. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव आणि सातारा जिल्ह्यात खटाव, कोरेगाव या भागांत पावसाळी हवेतला बटाटा घेतला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेण्यासाठी इटलीहून बटाटा आणला जात असे, कारण इथले बेणे लवकर कमजोर पडे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचा अभ्यास करून १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला, यावरूनच तोवर हे पीक किती महत्त्वाचे झाले होते ते दिसते.

माधवनगरपर्यंत माल येण्याचा मार्ग रेल्वेने मोकळा केला. पुण्याहून मिरजेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची वाट १८८०च्या दशकात तयार झाली. कोरेगाव, रहिमतपूर ही बटाट्याच्या मुलखातली स्थानके आणि माधवनगर ही एकाच लोहमार्गावरची. माधवनगर तेव्हा बुधगावच्या पटवर्धनांच्या, म्हणजे मिरज धाकट्या पातीच्या संस्थानात मोडत होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र ही सीमा कधी जाणवली नाही.

मटण सणावारातून बाहेर पडून आठवड्याच्या वारावर आले ते गिरण्यांमुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता. या कामगारांत सातारा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या साताऱ्यातून आणि सांगलीतून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. पुढे माधवनगरलाही कापड गिरणी उभी राहिली आणि यंत्रमाग आले. हातात रोकड पगार आणि आठवड्यातून एक मोकळा दिवस या दोन गोष्टी एकत्र आल्यावर वाट्याच्या जागी पावशेर-अर्धा शेर मटण आले. सात-आठ तोंडांना ते पुरणे शक्य नव्हते. बटाटा तोवर बाजारात वर्षातले बरेच महिने मिळत होता, मटणापेक्षा कितीतरी स्वस्त होता आणि शिजल्यावर तुकड्याएवढाच दिसत होता. रश्श्यात त्याची जागा पक्की झाली ती या हिशेबातून.

या कालवणाची घरगुती रीत ठरलेली आहे. मटण धुऊन त्याला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळून ठेवतात. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून त्यात मटण टाकतात आणि वर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओततात. खालच्या वाफेने ताटातले पाणी तापते आणि लागेल तसे तेच आत घालायचे. गार पाणी ओतले तर उकळी मोडते आणि मटण शिजायला वेळ घेते. मांसातला चिवट भाग विरघळून रसात उतरायला मंद आचेवर तास-दीड तास लागतो. या टप्प्यावर जे पिवळसर, मसाल्याविना पाणी तयार होते ते अळणी. त्यातली वाटीभर आधी काढून लहान मुलांना, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात.

बटाटा पडतो तो मटण पाऊण शिजल्यावर. साल काढून मोठे दोन किंवा चार भाग करायचे. लहान फोडी रश्श्यात विरघळून जातात. तो आधी टाकला तर मटण होईपर्यंत त्याचा लगदा होतो, आणि टोमॅटो किंवा आमसूल पडल्यावर टाकला तर आंबटपणामुळे लवकर मऊ होत नाही. म्हणून अनुभवी हात बटाटा आधी आणि आंबट नंतर घालतो. दरम्यान कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजून, तीळ, खसखस, धणे यांच्याबरोबर पाट्यावर वाटून ठेवलेली असते. हे वाटण आणि घरची लाल चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, तेलात परतून अळणीत सोडतात. रस्सा खळखळून उकळला की वर लाल तवंग येतो. बटाटा पुष्कळसा रस्सा आत ओढून घेतो, त्यातले मीठ आणि चरबीचा वासही. शिजलेली फोड मधून मोडली तर कडेला लालसर आणि आत पांढरी दिसते. ती गाभ्यापर्यंत रंगायला रस्सा दुसऱ्या दिवसापर्यंत राहावा लागतो आणि शिळा रस्सा अनेकांना जास्त आवडतो त्याचे हेही एक कारण.

पातेल्यातून ताटात येताना मात्र सगळे सारखे नसे. तुकडे आणि नळी आधी पाहुण्यांना आणि घरातल्या पुरुषांना, काळीज मुलांना. बाया शेवटी बसत, तेव्हा पातेल्यात रस्सा, एखादे हाड आणि बटाटे उरलेले असत. मटणातला बटाटा फार गोड लागतो असे म्हणणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायांची आवड अशी घडली आहे, हे विसरता कामा नये. ज्यांनी दीड तास चुलीपुढे बसून ते शिजवले त्यांच्या वाट्याला मांस सर्वांत कमी आले आणि या पदार्थाची चव सर्वांत बारकाईने त्यांनीच सांभाळली.

मांस आणि बटाटा यांची अशी जोडी जगात इतरत्रही जुळली. लेबनॉनमध्ये बटाटा आला तो एकोणिसाव्या शतकात आणि तिथल्या घरांत तो मेंढीच्या मांसाबरोबर शिजू लागला. तिथले याख्ने म्हणजे असेच पातळ कालवण. बटाट्याच्या चकत्यांवर खिम्याच्या वड्या लावून कोफ्त्याचे ताट भट्टीत भाजले जाते. बटाटे पोखरून त्यांत खिमा आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे भरतात. दालचिनी आणि ऑलस्पाइसचा वास, मिरची जवळजवळ नाहीच. हिवाळ्यासाठी चरबीत मुरवून ठेवलेले कावर्मा नावाचे मांस तिथे बटाट्यावर परततात. मसाला पूर्ण वेगळा असला तरी थोड्या मांसाची चव पोटभर अन्नात उतरवण्याची रीत तीच आहे.

१९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ते गावोगाव पोहोचले. त्याने मटणाचा वेळ निम्म्याहून कमी केला आणि बटाट्याचा क्रम बदलला. मटणाबरोबर कुकरला लावलेला बटाटा फुटतो, त्यामुळे शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून तो घालायचा आणि रश्श्याबरोबर उकळायचा ही नवी पद्धत झाली. १९६८ मध्ये आलेल्या कुफ्री ज्योती या वाणाने पठारावरची पावसाळी लागवड सावरली. शीतगृहे आणि मालमोटारींमुळे आता सांगलीच्या बाजारात आग्रा आणि इंदुरी बटाटा बारमाही असतो, आणि रश्श्याला कोणता न फुटणारा, हे घेणारी दुकानदाराला विचारूनच घेते.

सांगली-कोल्हापूरकडच्या खानावळींच्या मटण थाळीत तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुक्के वेगवेगळ्या वाट्यांत येते. तिथे बटाटा सहसा नसतो, कारण गिऱ्हाईक मटणाच्या तुकड्यांचे पैसे मोजते. घरच्या पातेल्यात आणि जत्रेच्या पंगतीत तो टिकून आहे; मटण परवडू लागलेल्या घरांतही अर्धा किलोमागे चार बटाटे हे प्रमाण बायांनी कमी केलेले नाही.