टेप शाबूत आहे, पण ती वाचणार कोण?

तुमच्या घरात एखादी जुनी फ्लॉपी किंवा सीडी नक्की पडून असेल. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट, आधीच्या नोकरीतल्या फायली. ती खराब झाली आहे का? सांगता येत नाही, कारण घालून बघायला घरात आता ड्राइव्हच नाही.

हीच गोष्ट एखाद्या देशाच्या जनगणनेची झाली तर? "तुझं पीएचडीत नक्की चाललंय काय?" असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मला हेच उत्तर द्यायचं असतं, पण जेवणाच्या ताटावर ते जमत नाही. म्हणून आज इथे लिहिते. विषय असा: माहिती साठवण्याचं नवं तंत्र आलं की सरकारी कार्यालयं ते पारखून घेतात. ही पारख कोण करतं, आणि त्यात कोणते प्रश्न विचारले जातात? उदाहरण अमेरिकेचं आहे, कारण तिथे या परीक्षांचं दप्तर चांगलं उपलब्ध आहे.

पहिली परीक्षा: घड्याळ लावून

अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची आकडेमोड संपायला सात-आठ वर्षं लागली. पुढची जनगणना तोंडावर आली तरी आधीचे खंड छापून होत होते. त्यामुळे १८८९ मध्ये १८९० च्या जनगणनेसाठी एक स्पर्धा घेण्यात आली. सेंट लुईस शहरातल्या चार विभागांतल्या १०,४९१ माणसांच्या जुन्या नोंदी तीन स्पर्धकांना दिल्या.

विल्यम हंट यांची पद्धत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची होती. चार्ल्स पिजिन यांची रंगीत कार्डांची. दोन्हींत वर्गवारी हातानेच करायची. तिसरे हर्मन हॉलरिथ. त्यांनी माहिती कार्डावर भोकं पाडून साठवली आणि ती भोकं विजेच्या यंत्राने मोजली. नोंदी उतरवून घ्यायला हंट यांना १४४ तास २५ मिनिटं लागली, पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटं आणि हॉलरिथ यांना ७२ तास २७ मिनिटं. खरा फरक पडला तो मोजणीत. हंट ५५ तास २२ मिनिटं, पिजिन ४४ तास ४१ मिनिटं, हॉलरिथ ५ तास २८ मिनिटं.

निकालावर वाद घालायला जागाच नव्हती. पण परीक्षेत काय विचारलं होतं ते बघा: किती वेळ लागतो? बस्स. कार्ड वीस-पंचवीस वर्षांनी कोण वाचणार, हा प्रश्न कुणाला सुचला नाही, आणि सुचायचं कारणही नव्हतं. भोक डोळ्यांना दिसतं. यंत्र मोडलं तरी कार्ड उजेडात धरून वाचता येतं.

दुसरी परीक्षा: एक परीक्षक, तीन गिऱ्हाइकं

आता साठेक वर्षं पुढे या. दुसरं महायुद्ध संपलंय, इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांची चर्चा सुरू आहे आणि अनेक सरकारी कार्यालयांना ती हवी आहेत. पण असं यंत्र बाजारात मिळत नाही आणि ते पारखायचं कसं हे कार्यालयांना ठाऊक नाही. मग काम आलं 'नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स'कडे. ही वजनमापांची संस्था. किलो म्हणजे नेमकं किती, मीटर म्हणजे नेमका केवढा, हे ठरवणारी. पुढे तिला एनबीएस म्हणू.

एनियॅक हे यंत्र बनवणारे एकर्ट आणि मॉकली यांनी कंपनी काढली होती. त्यांच्या 'युनिव्हॅक'साठी एनबीएसने आधी १९४६ मध्ये अभ्यासाचा आणि मग १९४८ मध्ये यंत्र बांधायचा करार केला. यंत्रं जायची होती जनगणना कार्यालय, हवाई दल आणि लष्कराची नकाशा सेवा यांच्याकडे. म्हणजे गिऱ्हाइकं तीन, पण करारावर सही करणारा आणि परीक्षा घेणारा एकच. तीन कार्यालयांनी तीन वेळा त्याच चुका करण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं! युनिव्हॅक रखडलं तेव्हा एनबीएसने स्वतःच 'सीॲक' नावाचं यंत्र बांधून १९५० मध्ये चालू केलं. परीक्षकाला स्वतः यंत्र चालवता येत होतं, ही त्या परीक्षेची मोठी ताकद होती.

युनिव्हॅकची खरी नवलाई होती टेप. अर्धा इंच रुंदीची, निकेलचा मुलामा दिलेली धातूची चुंबकीय पट्टी. एका रिळावर दहा लाखांहून जास्त अक्षरं मावत. त्या वेळच्या नेहमीच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डांत मोजलं तर ती बारा-तेरा हजार कार्डं झाली! टेप बिनचूक लिहिते का, बिनचूक वाचते का, न अडकता चालते का, ही परीक्षा महत्त्वाची होती. ३१ मार्च १९५१ ला जनगणना कार्यालयाचं यंत्र पास झालं. पुढच्या वर्षी इतर दोघांचीही झाली.

मला स्वतःला ही परीक्षा आवडते. कडक होती, प्रामाणिक होती, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलेली नव्हती. तरी तिच्यात एक प्रश्न नव्हता: ही टेप दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल का?

न विचारलेला प्रश्न

कार्डाच्या उलट, टेप डोळ्यांना काहीच सांगत नाही. ड्राइव्ह गेला की माहिती आहे आणि नाही, दोन्ही एकदमच. मोडीतल्या रुमालांचं आपल्याकडे थोडं असंच होतं. कागद धड असतो, वाचणारा सापडत नाही. पण मोडी माणूस शिकू शकतो, टेप वाचायला कुणी शिकू शकत नाही.

१९५२ मध्ये आयबीएमने आपली टेप आणली. रुंदी अर्धा इंचच, पण प्लास्टिकची, आणि लिहिण्याची पद्धत वेगळी. पुढच्या वर्षांत सरकारी कार्यालयं या ना त्या कंपनीची यंत्रं घेत गेली. प्रत्येक कार्यालयापुरता निर्णय बरोबरच होता, कारण प्रत्येकाचा प्रश्न एवढाच होता की "माझं काम होतंय ना?" एका कार्यालयाची टेप दुसऱ्याला वाचता येईल का, हा प्रश्न कुठल्याच एका कार्यालयाचा नव्हता. सगळ्यांचा होता, म्हणून कुणाचाच नव्हता.

ही गफलत लक्षात आल्यावर हालचाल झाली. १९६५ च्या 'ब्रुक्स कायद्या'ने खरेदी एका खात्याकडे दिली आणि मानकं ठरवायचं काम एनबीएस ज्याच्या हाताखाली होतं त्या वाणिज्य खात्याकडे. ११ मार्च १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढला: १ जुलै १९६९ पासून सरकारात येणाऱ्या प्रत्येक गणनयंत्राला 'ॲस्की' ही समान अक्षरलिपी वापरता आली पाहिजे. ती लिपी टेपवर कशी नोंदवायची याची मानकंही त्याच वेळी मंजूर झाली. एनबीएसने पुढे मोजमापासाठी एक प्रमाण टेपसुद्धा तयार केली. किलोचं वजन असतं तशी, आपली टेप ताडून बघायला.

म्हणजे न विचारलेला प्रश्न विचारायला सरकारला साधारण पंधरा वर्षं लागली. तोवर १९६० ची जनगणना होऊन गेली होती.

६४२ रिळं

इथे एक दंतकथा मोडायला हवी. डिजिटल जतनाबद्दल वाचताना तुम्हाला कधीतरी भेटेल की अमेरिकेने १९६० ची जनगणना हरवली. टेपा वाचणारी दोनच यंत्रं जगात उरली होती, एक जपानमध्ये आणि दुसरं स्मिथसोनियन संग्रहालयात. १९८५ च्या एका समितीच्या अहवालातून ही गोष्ट पसरली. मीही पहिल्या वर्षी ती सेमिनारमध्ये छातीठोकपणे सांगितली होती!

प्रत्यक्षात झालं ते असं. घराघरातून आलेली उत्तरं सूक्ष्मपटावर, म्हणजे मायक्रोफिल्मवर होती. त्यांना या टेपांमुळे धोका नव्हता. (त्यातली वैयक्तिक माहिती ७२ वर्षांच्या नियमाने २०३२ मध्ये खुली होईल.) टेपांवर होती ती मोजून काढलेली आकडेवारी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराने यातलं कायम ठेवण्याजोगं काय, असं विचारलं. तेव्हा कळलं की त्यातला मोठा भाग युनिव्हॅकच्या दोन-ए प्रकारच्या ड्राइव्हवरच वाचता येणाऱ्या ६४२ रिळांवर आहे, आणि ते ड्राइव्ह कालबाह्य झालेत.

१९७९ पर्यंत जनगणना कार्यालयाने ६४० रिळं नव्या टेपांवर उतरवली. सुमारे १५ लाख नोंदींपैकी टेप खराब झाल्यामुळे १,५७५ उतरवता आल्या नाहीत. दोन रिळं सापडलीच नाहीत, त्यांच्यावर ७,४८८ नोंदी होत्या. एकूण नुकसान शेकड्याला एकापेक्षाही कमी. अभिलेखागारातल्याच दोघांनी २००० मध्ये हा सगळा हिशेब नीट मांडला.

म्हणजे जनगणना हरवली नाही. पण ती का वाचली, तेही बघा. टेप चांगली होती म्हणून नव्हे. वेळेत कुणीतरी बाहेरून विचारलं म्हणून. ज्या कार्यालयाचं रोजचं काम त्या टेपांवर अवलंबून नव्हतं, त्याने विचारलं. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर दंतकथा खरी ठरायला फार काही लागलं नसतं.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा थोडक्यात हाच आहे. नव्या साधनाची परीक्षा घेताना वेग, क्षमता, किंमत हे प्रश्न आपोआप विचारले जातात, कारण ते विचारणारं गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. "दुसऱ्याला वाचता येईल का, आणि नंतर वाचता येईल का?" हे विचारणारं गिऱ्हाईक मात्र परीक्षेच्या खोलीत नसतं. ते शेजारच्या कार्यालयात असतं, किंवा अजून जन्मालाच आलेलं नसतं. परीक्षा एकत्र घेण्याचा फायदा खर्च वाचण्यापुरता नाही. त्या गैरहजर गिऱ्हाइकासाठी खुर्ची ठेवता येते, हा खरा फायदा. एनबीएसने १९५१ मध्ये परीक्षा एकत्र घेतली, पण ती खुर्ची ठेवली नाही.

आता ती कपाटातली सीडी बाहेर काढा. ड्राइव्ह असलेला कुणीतरी ओळखीचा अजून असेल. या रविवारी उतरवून घ्या.