तान्हे मूल कोणत्या देशाचे?



आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते. पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आणि घरच्या मंडळींच्या दृष्टीने त्या जीवाची ओळख तेथे पुरी होते. परंतु ज्या घरात वडील एका राष्ट्राचे नागरिक आणि आई दुसऱ्या राष्ट्राची, त्या घरात पाळण्यापाशी आणखी एक पाहुणा येऊन उभा राहतो. तो पाहुणा म्हणजे सरकार. नाव सांगून त्याचे समाधान होत नाही. हे मूल कोणत्या देशाचे, असे तो विचारतो. या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळ्या देशांनी काय उत्तर दिले, आणि त्या उत्तरापायी कित्येक मातांना काय सोसावे लागले, याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

नागरिकत्व ठरविण्याच्या मुख्य रीती दोन. एक भूमीची: ज्या देशाच्या मातीवर मूल जन्मले, त्या देशाचे ते. दुसरी रक्ताची: ज्या देशाचे आईबाप, त्या देशाचे ते. बहुतेक राष्ट्रांनी या दोहोंचे आपापल्या सोयीप्रमाणे मिश्रण केलेले आढळते.

भूमीच्या रीतीचा सर्वांत गाजलेला निकाल एका लहान बालकाच्याच दाव्यात लागला. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला. राजा एक झाला, राज्ये मात्र दोन राहिली. त्यानंतर स्कॉटलंडात जन्मलेल्या रॉबर्ट कॅल्व्हिन नावाच्या मुलाच्या वतीने इंग्लंडातील जमिनीसाठी दावा लावण्यात आला. प्रतिपक्षाने आक्षेप घेतला की मूल परकी आहे, आणि परक्याला इंग्लंडात जमीन धारण करता येत नाही. १६०८ साली निर्णय झाला तेव्हा वादीचे वय अवघे तीनेक वर्षांचे होते. राजाच्या सत्तेखालील भूमीवर जो जन्मला तो जन्मतःच त्या राजाचा प्रजाजन, मग दोन राज्यांचे कायदे वेगळे का असेनात, असे न्यायाधीशांनी बहुमताने ठरविले. सर एडवर्ड कोक यांनी हा निकाल विस्ताराने लिहून ठेवला. इंग्रजांबरोबर ते तत्त्व वसाहतींत गेले, आणि अमेरिकेत १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या पोटी सान फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या तरुणाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच परंपरेचा आधार घेतला.

रक्ताच्या रीतीला नवे बळ दिले ते फ्रान्सने. १८०४ च्या सुप्रसिद्ध नागरी संहितेचा मसुदा चालू असता, फ्रान्सच्या भूमीवर जन्मलेल्यांना फ्रेंच मानावे, असे नेपोलियनचे मत होते. कायदेपंडितांनी मात्र वंशाचे तत्त्व उचलून धरले, आणि परदेशात फ्रेंच माणसाच्या पोटी आलेले मूल फ्रेंच, असा नियम संहितेत आला. युरोपातील अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले.

आता, रक्त म्हणावे तर ते आई आणि बाप या दोघांचेही असते. नऊ महिने उदरात वागविणारी तर आईच. परंतु कायद्याने ‘रक्त’ हा शब्द उच्चारला की त्याच्या मनात बहुधा एकट्या बापाचेच रक्त असे. विवाहाच्या बंधनाबाहेर जन्मलेल्या मुलाला मात्र अनेक देशांत आईचे राष्ट्रीयत्व मिळत असे. म्हणजे अविवाहित आई आपल्या लेकराला स्वदेश देऊ शकत होती. तीच परदेशी पुरुषाशी रीतसर विवाह करून माता झाली, तर तिचा तो अधिकार जात होता. ही विसंगती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

इतकेच काय, विवाहित स्त्रीचे स्वतःचे राष्ट्रीयत्वही तिच्या हाती राहत नसे. फ्रेंच संहितेने तिला नवऱ्याच्या मागून जाण्यास सांगितले. इंग्लंडात १८४४ च्या कायद्याने इंग्रजाशी लग्न करणारी परदेशी स्त्री ब्रिटिश प्रजा झाली, आणि १८७० च्या कायद्याने परदेशीयाशी लग्न करणारी इंग्रज स्त्री आपले प्रजात्व गमावून बसली. कुटुंबात एकच निष्ठा असावी, हा त्यामागील युक्तिवाद. त्याचा परिणाम १९१४ च्या महायुद्धात दिसला. लंडनमध्ये जन्मलेल्या आणि तेथेच वाढलेल्या कित्येक स्त्रिया, केवळ नवरा जर्मन म्हणून, आपल्याच शहरात शत्रुराष्ट्राच्या प्रजा ठरल्या, आणि पोलिसांत नाव नोंदविण्याची पाळी त्यांच्यावर आली.

अमेरिकेने १९०७ साली हाच मार्ग धरला. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी यांनी एका स्कॉटिश गृहस्थाशी विवाह केला. पुढे तेथील स्त्रियांना मताधिकार मिळाला म्हणून त्या नाव नोंदविण्यास गेल्या, तो त्यांना उत्तर मिळाले की तुम्ही आता अमेरिकन नाही. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. १९२२ च्या केबल कायद्याने ही स्थिती बरीचशी पालटली. तथापि परदेशात जन्मलेल्या अपत्याला अमेरिकन आईकडून नागरिकत्व मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले.

या विषयात एक व्यक्ती आपल्या महाराष्ट्राच्या घरची आहे. परमवीर चक्राची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचे माहेरचे नाव ईव्ह. त्यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. स्विस भूमीवर जन्मल्याने स्विस नागरिकत्व मिळत नाही, असा त्या देशाचा नियम. आणि आईच्या राष्ट्राला त्या काळच्या कायद्यांत स्थान नव्हते. कन्या वर्षाची झाली तोच महायुद्ध पेटले, आणि तिच्या आईचा देश व बापाचा देश समोरासमोर उभे ठाकले. एका पाळण्याच्या दोन दोऱ्या दोन शत्रूंच्या हाती असाव्यात, तसा हा प्रकार. पुढे १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी सैनिकी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या आपल्या झाल्या, आणि ज्या देशात त्या जन्मल्या नव्हत्या त्या देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकाला त्यांनी रूप दिले.

महायुद्धापूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टावाचून प्रवास करता येत असे. युद्धाने ती मोकळीक संपविली. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे परिषद भरली, आणि बत्तीस पानांच्या एकाच धर्तीच्या पुस्तिकेची शिफारस करण्यात आली. त्या पुस्तिका बहुधा नवऱ्याच्या नावाच्या असत. बायको आणि मुले आत एखाद्या ओळीत नोंदविली जात. नवरा सोबत नसेल तर त्या ओळीचा बायकोला उपयोग नसे. प्रत्येक तान्ह्या मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट ही रीत त्यामानाने अलीकडची आहे. ब्रिटनने १९९८ साली नवजात मुलांना आईबापांच्या पासपोर्टात घालणे बंद केले, आणि युरोपीय संघात २०१२ पासून असल्या नोंदी निरुपयोगी झाल्या. मुलांना पळवून नेण्याचे प्रकार रोखणे हाही त्यातील एक हेतू होता.

बापाच्याच नावाने चालणारा कायदा दुसऱ्या महायुद्धानंतरही पुष्कळ देशांत टिकून राहिला. जपानात ओकिनावा बेटावर अमेरिकन फौजांचा तळ पडला, आणि जपानी माता व अमेरिकन पिता यांची मुले तेथे जन्मास आली. जपानचा कायदा बापाकडे बोट दाखवी. अमेरिकेचा कायदा म्हणे, बापाने स्वतः अमेरिकेत ठराविक वर्षे काढलेली असली पाहिजेत. ही अट जेथे पुरी होत नसे, तेथे मूल दोन्ही देशांच्या मध्ये पडे आणि कोणत्याच राष्ट्राचे राहत नसे. जपानने आईचा अधिकार मानला तो १९८५ पासून. पश्चिम जर्मनीने तो १९७५ साली मानला होता; ब्रिटनमध्ये परदेशी जन्मलेल्या मुलांना तो लाभ १९८३ पासून मिळू लागला.

आता मघाची विसंगती. आफ्रिकेतील बोट्सवाना देशात युनिटी डाऊ नावाच्या वकील स्त्रीने १९८४ साली एका अमेरिकन गृहस्थाशी विवाह केला. त्यांना तीन अपत्ये. थोरली विवाहापूर्वी जन्मलेली, म्हणून कायद्याने आईच्या देशाची नागरिक. धाकटी दोन विवाहानंतरची, म्हणून परकी. आई तीच, बाप तोच, जन्मभूमीही तीच. आणि घरातील दोन मुले मात्र बापाच्या रहिवासाच्या परवान्यावर मायदेशी पाहुण्यासारखी राहत होती. बापाच्या परवान्याची मुदत वाढली नसती, तर त्यांनाही देश सोडावा लागता. युनिटी डाऊ न्यायालयात गेल्या. आमचा समाज पितृप्रधान आहे, राज्यघटनेनेही तो भेद जाणून ठेवला आहे, असा बचाव सरकारने केला. १९९१ साली उच्च न्यायालयाने आणि १९९२ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. १९९५ साली कायदा बदलला. पुढे १९९८ मध्ये त्याच युनिटी डाऊ आपल्या देशाच्या उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या.

दुसऱ्यांच्या घराविषयी बोलताना आपलेही घर पाहिले पाहिजे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेले मूल भारतीय ठरे ते वडील भारतीय असतील तरच. आईला तो अधिकार मिळाला डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे बोट्सवानाच्या निकालाच्याच वर्षी. भारतात जन्मणाऱ्यांचा नियमही पालटत गेला. ३० जून १९८७ पर्यंत भूमी पुरेशी होती; त्यानंतर आई वा बाप यांपैकी एकजण भारतीय असणे आवश्यक झाले; आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा, ही अटही जोडली गेली. शेजारच्या नेपाळात परदेशीयाशी लग्न झालेल्या नेपाळी आईच्या मुलाला २०१५ च्या घटनेनेही बापाच्या मुलाइतका सरळ अधिकार दिलेला नाही. जगात वीसांहून अधिक देशांत आईचा हक्क आजही बापाहून उणा आहे, जरी १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने तो समान असावा असे सांगितले आहे.

आज आपल्याकडील अशा दांपत्यांनी काय ध्यानात ठेवावे, तेही थोडक्यात सांगतो. मूल परदेशात जन्मले आणि त्याला भारतीय ठेवावयाचे असेल, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. त्या वेळी मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईबापांना लिहून द्यावे लागते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मुलाला आपोआप मिळालेले असेल, तर अठरा वर्षे पुरी झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावे लागते. न सोडल्यास भारतीयत्व संपते. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेण्याचे ठरल्यास मुलासाठी ‘ओव्हरसीज सिटिझन’ कार्ड मागता येते. त्याने येथे येण्याराहण्याची मोकळीक मिळते, मताचा अधिकार मिळत नाही. गोव्यात हा पेच घरोघरी ओळखीचा आहे. १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व देतो. त्यामुळे नवरा पोर्तुगीज आणि बायको भारतीय, अशी जोडपी एकाच गावात आढळतात. त्यांच्या मुलालाही दोन पासपोर्ट बाळगता येत नाहीत, म्हणून निवड पाळण्यातच करावी लागते.

ही निवड आईबापांनी मूल जन्मण्यापूर्वीच एकत्र बसून करावी, आणि जन्माच्या दाखल्यावर दोघांचीही नावे त्यांच्या पासपोर्टांप्रमाणे अक्षरशः बरोबर आहेत की नाहीत हे पाहावे. पुढचे सर्व कागद त्या एका कागदावर उभे राहतात. त्या दाखल्यावरील आईच्या नावाला कायद्यात वजन यावे म्हणून कॅलिफोर्नियापासून बोट्सवानापर्यंतच्या स्त्रिया न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या. काही हरल्या, काही जिंकल्या. दाखला हाती घेताना त्या नावाची ओळ आपण जरा सावकाश वाचावी, इतकीच माझी विनंती आहे.