तेझेचा मठ

मठात शिरायचे तर काय सोडायचे? घरदार, असे तुम्ही चटकन सांगाल. पण युरोपात सहसा आणखी एक अट असे: मठ ज्या पंथाचा, त्याच पंथाचे व्हायचे. प्रॉटेस्टंटांनी तर सोळाव्या शतकातच बहुतेक मठ मोडीत काढले होते.

ही रीत मोडली फ्रान्समधल्या तेझे नावाच्या लहानशा खेड्याने. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, रॉजर शुट्झ हे पंचविशीतले स्विस प्रॉटेस्टंट तरुण सायकलवरून तिथे आले. घर घेतले, ज्यू आणि इतर निर्वासितांना आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला सात बंधूंनी आजन्म व्रते घेतली. ब्रह्मचर्य पाळायचे, मालमत्ता सामाईक ठेवायची, प्रमुखाचे ऐकायचे. १९६९ पासून कॅथलिकही येऊ लागले.

आता गंमत पाहा. इथे येणाऱ्याला पंथ सोडावा लागत नाही. पैशाचा आधार मात्र सोडावा लागतो. मठ देणगी घेत नाही. बंधूच्या वाट्याला वडिलोपार्जित काही आले, तर तेही गोरगरिबांना जाते. मातीची भांडी घडवायची, पुस्तके काढायची आणि आपल्या कष्टावर जगायचे.

२००५ साली, प्रार्थना चालू असतानाच, रॉजर यांचा खून झाला. मठ मात्र मोडला नाही. त्यांच्यामागे जर्मन कॅथलिक आलोइस प्रमुख झाले आणि २०२३ च्या डिसेंबरात इंग्रज अँग्लिकन मॅथ्यू. तीन प्रमुख, तिघांचे पंथ वेगळे, गादी एकच!

तेव्हा गुरुजी, वर्गात युरोपातील धर्मयुद्धे शिकवाल, त्या दिवशी तेझेचीही दोन वाक्ये सांगा.