हरणाची धनुर्बाण शिकार : अधिवास आणि परिश्रमांचा वाटा

उत्तर अमेरिकेत परवाना, ठरलेला हंगाम आणि नेमून दिलेली संख्या यांच्या चौकटीत चालणारा शिकारीचा एक प्रकार. सावज बहुतेक वेळा श्वेतपुच्छ हरीण असते. त्याचे शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत खेचरकर्णी आणि काळ्या शेपटीच्या हरणांचीही अशी शिकार होते. प्रस्तुत नोंद मुख्यतः श्वेतपुच्छ हरणाविषयी आहे. या शिकारीतले यश धनुष्याच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असते : हरीण जिथे राहते, चरते आणि ये-जा करते तो अधिवास, आणि त्या अधिवासाची ओळख करून घेण्यासाठी शिकाऱ्याने केलेली मेहनत. या दोन्ही बाबी वाटतात तितक्या सरळ नाहीत. हरणांना सर्वांत मानवणारे रान धनुर्धाऱ्याला सर्वांत सोयीचे असेलच असे नाही, आणि जास्त तास बसणाऱ्यालाच जास्त हरणे मिळतील असेही नाही.

या साऱ्याच्या मुळाशी अंतर आहे. रायफल घेतलेला शिकारी शंभर-दोनशे मीटरवरून नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला मात्र हरीण वीस-तीस मीटरच्या आत यावे लागते. एवढ्या जवळ आल्यावर हरणाचे नाक, कान आणि डोळे तिन्ही कामाला लागतात. त्याला लाल-नारिंगी रंग माणसासारखा दिसत नाही, पण जरासुद्धा हालचाल झाली तर ती लगेच दिसते. नाक तर त्याहून तीक्ष्ण. बाण सुटल्यानंतरही खात्री नसते. आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ८० ते ९० मीटर जातो, तर आवाज सुमारे ३४० मीटर. म्हणजे प्रत्यंचेचा टणत्कार बाणाच्या आधी हरणापर्यंत पोहोचतो. बिथरलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून सारा प्रश्न बाण सोडण्याआधी सोडवावा लागतो : हरीण या ठिकाणी, या वाऱ्यात, या वेळी, निर्धास्तपणे का येईल?

अधिवास. श्वेतपुच्छ हरीण हे घनदाट, एकसलग अरण्याचे जनावर नव्हे. त्याला कोवळा पाला, झुडपे, तण, ओकची फळे आणि शेतातले पीक हवे असते, आणि जवळच लपायला दाट जागा हवी असते. वन्यजीव व्यवस्थापनाचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली ‘गेम मॅनेजमेंट’ या ग्रंथात हे सूत्र मांडले : रान आणि माळ, झुडपे आणि शेत जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेला शिकारयोग्य प्राण्यांची संख्या वाढते. लिओपोल्ड स्वतः धनुर्धारी होते आणि आपली धनुष्ये हाताने घडवत. त्यांच्या पत्नी एस्टेला यांचीही विस्कॉन्सिनमध्ये तिरंदाज म्हणून ख्याती होती.

विस्कॉन्सिनच्याच पश्चिम सीमेवर, मिसिसिपी नदीच्या काठी असलेली बफेलो काउंटी हे या सूत्राचे ठळक उदाहरण आहे. धनुर्बाणाने मारलेल्या मोठ्या शिंगांच्या नरांची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या दफ्तरात या काउंटीचे नाव वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले. हिमयुगातील हिमनद्यांनी हा प्रदेश सपाट केला नाही, त्यामुळे इथे उंच कडे, अरुंद घळी आणि लांबच लांब धारा शिल्लक आहेत. उतारांवर ओकचे रान, वरच्या सपाटीवर आणि दरीच्या तळाला मका, सोयाबीन आणि अल्फाल्फाची शेते. चारा आणि आसरा शेजारी-शेजारी असल्याने हरणे भरपूर. धनुर्धाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे भूभागाची घडण त्यांना ठरावीक वाटेने चालायला लावते. दोन टेकड्यांमधली खिंड, घळीच्या माथ्याकडून वळणारी पायवाट, ओढ्याचा उथळ उतार, कुंपणातली फट, दोन रानांना जोडणारी झाडांची चिंचोळी पट्टी : अशा ठिकाणी पसरलेल्या वाटा एकत्र येतात आणि वीस मीटरचे अंतर शक्य होते.

याच राज्याच्या उत्तरेला सलग मोठी अरण्ये आहेत. तिथे हिवाळा कडक, हरणांची दाटी कमी, आणि जी आहेत ती कुठूनही कुठेही जाऊ शकतात. दक्षिणेतल्या शेतशिवारात जो माणूस एका झाडावर बसून हरणांची ये-जा पाहतो, त्यालाच उत्तरेत दिवस दिवस शेपूटही दिसत नाही. कौशल्य तेच, धनुष्य तेच. फरक जमिनीचा.

डोंगराळ अधिवासात वारा हा वेगळा अभ्यासाचा विषय ठरतो. सकाळी ऊन चढले की उतारावरची हवा तापून वर सरकते, संध्याकाळी ती गार होऊन घळीत उतरते. त्यामुळे सकाळी धारेवर निर्धोक असलेली जागा संध्याकाळी खालच्या साऱ्या हरणांना माणसाचा वास पोहोचवते. बहुतेक धनुर्धारी जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीच्या मचाणावर बसतात. उंचीमुळे वास थोडा वरून जातो आणि नजरेच्या टप्प्यातून माणूस निसटतो. या मचाणांवरून पडणे हे तिथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच हंगामापूर्वीच्या प्रशिक्षणात कंबर-खांद्याचा सुरक्षापट्टा वापरण्यावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

भरपूर चाऱ्याचा उलटा परिणामही दिसतो. ज्या वर्षी ओकला फळांचा मोठा बहर येतो, त्या वर्षी हरणांना दूर जावेच लागत नाही. चारा पायाखाली पडलेला असतो, ती रानातच पांगून राहतात आणि शेताच्या कडेला बांधलेली मचाणे ओस पडतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या वन्यजीव विभागाने अनेक दशके रानातल्या फळांच्या बहराची वार्षिक पाहणी केली आहे. बहर कमी त्या वर्षी धनुर्बाणाने मारलेल्या हरणांची संख्या वाढते, बहर जास्त तर ती घटते, हे त्या पाहणीतून दिसत आले. ओकमध्येही फरक आहे. पांढऱ्या ओकच्या फळात तुरट टॅनिन कमी, म्हणून हरणे लाल ओकच्या आधी ती वेचतात. असे एकच झाड हेरून ठेवणाऱ्याला ते उपयोगी पडते. मक्याच्या प्रदेशात कापणी हा निर्णायक दिवस असतो. पीक उभे असेपर्यंत हरणे त्यातच चरतात, त्यातच दडतात. पाऊस लांबला आणि कापणी रखडली, तर हरणे असूनही शिकार कमी होते.

परिश्रम. परिश्रम मोजण्याचे सोपे माप म्हणजे मचाणावर घालवलेले तास. ते आवश्यक आहे, पण अपुरे. हंगामाआधी पायवाटा, लेंड्या, झाडांच्या सालीवर शिंगे घासल्याच्या खुणा, नरांनी खुरांनी उकरलेली माती यांचा माग घेणे, जमीनमालकाची परवानगी मिळवणे, वाऱ्यानुसार दोन-तीन जागा तयार ठेवणे आणि नेमाचा नित्य सराव हा सगळा परिश्रमाचाच भाग आहे. त्याचे मोल हंगामात बसलेल्या तासांपेक्षा कमी नाही.

हरणे आहेत म्हणजे ती दिसतील, हा समज मिशिगनमधील कुसिनो येथील जुन्या प्रयोगाने मोडीत काढला. तिथे एक चौरस मैल रान उंच कुंपणाने बंदिस्त होते आणि आत ३९ हरणे असल्याचे माहीत होते. बंदुका घेतलेल्या अनुभवी शिकाऱ्यांना त्यात सोडले, तरी एक शिंगाळा नर मिळवायला त्यांना कित्येक तास खपावे लागले. जिथे बंदूकधाऱ्याची ही गत, तिथे वीस मीटरवर सावज हवे असणाऱ्याच्या धीराची कल्पना करता येते.

परिश्रमांचा दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा आहे : ते हरणांनाही कळतात. ओक्लाहोमात नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात शिकारीचा दाब वाढताच नर प्रदेश सोडून गेले नाहीत. ते तिथेच राहिले, पण दाट आडोशात आणि कमी हालचाल करत. हंगाम सरकत गेला तसे ते शिकाऱ्यांना कमी कमी दिसू लागले. साउथ कॅरोलिनातील अशाच एका अभ्यासात, ज्या मचाणावर माणूस बसून गेला त्याच्या आसपास दिवसा फिरकणे नरांनी साधारण तीन दिवस टाळले. याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाच जागी रोज बसणे ही मेहनत असली, तरी ती जागा खराब करणारी मेहनत आहे. जागेला विश्रांती देणे, वारा उलटा असेल तर घरी थांबणे, येण्या-जाण्याची वाट हरणांच्या वाटेला न छेदणारी निवडणे यांना अधिक फळ येते.

तासांचे मोलही सारखे नसते. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरमध्ये माजाचा काळ येतो. तेव्हा एरवी रात्रीच बाहेर पडणारे प्रौढ नर भर दुपारीही माद्यांच्या मागे धावतात. बहुतेक धनुर्धारी आपली रजा याच दिवसांसाठी राखून ठेवतात.

शंभर परवानाधारकांपैकी किती जणांना हरीण मिळाले, हा आकडा वृत्तपत्रांना आवडतो. तो दिशाभूल करणारा आहे. विस्कॉन्सिनमध्ये धनुर्बाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, तर बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. दोन्हींची टक्केवारी शेजारी ठेवली तर खर्ची पडलेले तास नजरेआड होतात. आयोवाच्या निसर्गसंपदा विभागाने आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मदतीने २००४ पासून चालवलेली पाहणी या बाबतीत शहाणपणाची म्हणावी लागेल. निवडलेले धनुर्धारी रोज किती तास बसले आणि किती हरणे, कोल्हे, कायोटी, रॅकून, रानमांजरे आणि टर्की पक्षी दिसले याची टाचणे ठेवतात. त्यावरून दर हजार तासांमागे किती प्राणी दिसले हा निर्देशांक निघतो. तासन्‌तास निश्चल बसणारी माणसे अशा रीतीने राज्यासाठी प्राण्यांची प्रगणना करतात.

साधने. १९६६ मध्ये मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी चाकांवरून दोरी फिरवणाऱ्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळाले. या कंपाउंड धनुष्यात पूर्ण खेचल्यावर हातावरचा ताण बराच उतरतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. पुढे आडव्या धनुष्याला, म्हणजे क्रॉसबोला, अनेक राज्यांनी परवानगी दिली. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये ती सर्वांना खुली केली आणि काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. सरावाची गरज घटली. जागा ओळखण्याची मात्र घटलेली नाही.

जखमी हरणे. यशाची चर्चा करताना ही बाजू वगळणे अन्यायाचे ठरेल. मेरीलँडमधील इंडियन हेड नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात परीक्षा घेऊन निवडलेल्या धनुर्धाऱ्यांचाही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे हाती आली नाहीत. बाण लागल्यावर रक्ताचा माग काढत, गरज पडल्यास रात्रभर शोध घेणे हा परिश्रमाचा सर्वांत बंधनकारक भाग आहे. अंतर जास्त असेल किंवा हरीण तोंड करून उभे असेल तेव्हा बाण न सोडणे हेही त्यातच येते.

इतिहास. आधुनिक धनुर्बाण शिकारीचा धागा इशी या ‘याही’ जमातीच्या शेवटच्या माणसापर्यंत जातो. तो १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला. डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. पोप यांनी लिहून ठेवले आहे की शिकारीच्या आधी इशी मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, स्नान करून अंगाला सुगंधी पाला चोळी आणि दुमडलेले पान ओठांशी धरून पाडसाच्या आवाजाने हरणीला बोलावी. त्या वेळी अमेरिकेत हरणे दुर्मीळ झाली होती. १९०० च्या सुमारास त्यांची संख्या तीन ते पाच लाख असावी असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात मानली जाते. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुर्बाणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. शस्त्रांवरील करातून वन्यजीवांसाठी निधी उभारणारा कायदा १९३७ चा. १९७२ मधील दुरुस्तीने धनुष्यबाणही त्याच्या कक्षेत आले.

शहरालगत. आज हरणांची दाटी उपनगरांतही आहे. बागांतली झुडपे, गोल्फची मैदाने आणि ओढ्याकाठची राने यांत बंदूक चालवता येत नाही. म्हणून व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीसारख्या ठिकाणी स्थानिक प्रशासन सार्वजनिक उद्यानांत नेमाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या धनुर्धाऱ्यांना मचाणावरून शिकार करू देते. माणसांच्या वासाला सरावलेली ही हरणे रानातल्या हरणांइतकी बुजरी नसतात.

भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर यांसह कोणत्याही जातीच्या हरणाची धनुर्बाणाने किंवा अन्य साधनाने हौसेसाठी शिकार करणे हा दंडनीय गुन्हा आहे.